गाळणीचा पोलिंग एजंट

नोकरीत असेपर्यंत दादाराव पाझाऱ्यांनी कुठल्याच पक्षाला पाठिंबा दिला नाही आणि निवृत्त झाल्यावर दिला तो चहाच्या गाळणीला. गाळणी ही पक्षाची निशाणी. पक्षाचं नाव 'लोकसमता परिषद' असं होतं, पण ते कार्यकर्त्यांनाही धड आठवत नसे. हिंदीत गाळणीला छन्नी म्हणतात, म्हणून सगळं लखनौ त्यांना 'छन्नीवाले' म्हणे, म्हणजे ज्यांनी त्यांचं नाव ऐकलं होतं तेवढं लखनौ. पक्षाचं कार्यालय निशातगंजात, ग्रिल-गेट बनवणाऱ्या एका दुकानाच्या वर होतं. खाली वेल्डिंग सुरू झालं की वरचं भाषण थांबवावं लागे.

दादाराव मूळचे वर्धा जिल्ह्यातले. हजरतगंजातल्या एका सरकारी कार्यालयात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. या काळात एकही निवडणूक अशी गेली नाही की त्यांना ड्यूटी लागली नाही. बाकीचे लोक ड्यूटी चुकवायला डॉक्टरचं सर्टिफिकेट आणत. दादाराव ताप असला तरी जात. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून त्यांनी अशा गावांत मतदान घेतलं होतं की जिथे पोचायला बैलगाडी लागे. नियम त्यांना तोंडपाठ होते. लाख गरम करून सील कसं लावायचं हे ते जेवताना सांगत आणि पाहुणे मान डोलावत वरणभात संपवत. मात्र आपलं मत कुणाला, हे त्यांनी कधी बायकोलाही सांगितलं नाही. बेबीताईंनी विचारलं की ते गंभीर चेहरा करून म्हणत, "मतदान गुप्त असते, बेबी."

निवृत्तीनंतर ते सहज म्हणून छन्नीवाल्यांच्या एका बैठकीला गेले. उमेदवार एक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि ते चक्क वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या विषयांवर बोलत होते. दादाराव स्वतः वसतिगृहात शिकलेले. त्यांचे डोळे पाणावले. पक्षाचे संघटक अभयबाबूंनी ते डोळे बरोबर हेरले आणि "आप जैसे अनुभवी आदमी की ही तो कमी थी" असं म्हणून त्यांचे दोन्ही हात धरले. आयुष्यभर ज्याला कुणी अनुभवी म्हटलं नाही, फक्त 'ड्यूटीवर जाणारा' म्हटलं, तो माणूस अशा वेळी काय करणार?

तिसऱ्या दिवशी वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या त्यांच्या घरी ई-रिक्षातून दोन पोती उतरली. पोत्यांत स्टीलच्या गाळण्या होत्या. घरोघर वाटा, असा निरोप होता.

"वाटायच्या?" दादाराव कडाडले. "आचारसंहिता लागू आहे! मतदाराला वस्तू वाटणं हा गुन्हा आहे!"

त्यांनी दोन्ही पोती दिवाणात टाकली, वर गादी घातली आणि स्वतः त्यावर झोपू लागले. गाळण्यांचा आवाज होई, पण कायद्याचं रक्षण आरामात होत नसतं. दुःखाची गोष्ट अशी की घरातली गाळणी नेमकी त्याच आठवड्यात फाटली. बेबीताईंनी एक, फक्त एक गाळणी मागितली.

"निकाल लागेपर्यंत नाही," दादाराव म्हणाले. "तू मतदार आहेस."

"मी बायको आहो तुमची!"

"मतदार यादीत तसा वेगळा रकाना नाही."

तेव्हापासून पाझाऱ्यांच्या घरी चहा फाटक्या गाळणीतून येऊ लागला आणि शेवटचा घोट चावून खावा लागू लागला.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. समोरच्या ब्लॉकमधले श्रीरंग टिल्लू बँकेतून निवृत्त झालेले आणि मोठ्या पक्षाचे कार्यकर्ते. ते म्हणाले, "दादाराव, पक्ष धरायचाच तर मोठा धरावा माणसानं. आमच्याकडे एजंटाला दुपारी पुरी-सब्जी असते, वर बुंदी. तुमच्याकडे काय आहे?"

"तत्त्व आहे," दादाराव म्हणाले.

"ते दोन वाजता कळेल," टिल्लू म्हणाले.

या सगळ्या गडबडीत एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता बेबीताईंनी विचारलं, "या वेळी तर ड्यूटी नाही ना तुमची?"

"नाही."

"मग जोडीनं जाऊ मत द्यायला. आजवर एकटीच गेली मी. कधी बुद्धभूषणला कडेवर घेऊन, कधी प्रियाचं बोट धरून. रांगेतल्या बाया विचारायच्या, मालक कुठं आहेत? मी सांगायची, दुसऱ्यांचं मतदान घेऊन राहिले."

त्या हसून म्हणाल्या, पण दादाराव आठवू लागले. खरंच, ते नेहमी पोस्टाने मत देत आले होते. एवढ्या वर्षांत बेबीने साडी मागितली नव्हती, दागिना मागितला नव्हता. मागितलं तर हे, रांगेत सोबत उभं राहणं. त्यांनी ताबडतोब वचन दिलं, "मी स्वतः तुला घरून न्यायला येईन. जोडीनंच जाऊ."

बेबीताईंनी निळ्या काठाची पांढरी साडी कपाटातून काढली, इस्त्रीला दिली आणि खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवली. त्यांचं लग्न झालं तेव्हाही त्या अशाच पांढऱ्या साडीत होत्या. दादारावांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी त्या खुर्चीत कुणाला बसू दिलं नाही.

वचन दिल्यावर दोनच दिवसांनी अभयबाबूंचा फोन आला, आपल्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसणार का? त्या बूथवर पक्षाचा एजंट आजवर कधीच बसला नव्हता. "सकाळी मॉक पोल झाला की मी स्वतः बदलीला येतो, फिर आप फ़्री." दादारावांनी हिशोब केला, सगळं जमत होतं. हिशोबात एकच चूक होती. अभयबाबूंनी हेच आश्वासन आणखी पाच बूथांवर दिलं होतं.

मतदानाच्या दिवशी भल्या पहाटे दादाराव सेक्टरमधल्या शाळेत पोचले. आत मोबाइल चालत नाही म्हणून तो घरीच ठेवला होता. केंद्राध्यक्ष होत्या चित्रा मॅडम, एका इंटर कॉलेजातल्या तरुण शिक्षिका. त्यांची ही पहिलीच निवडणूक होती आणि त्यांच्या नशिबात दादाराव होते.

"मॅडम, पहले बैलट यूनिट की तार लगाइए."

"लगा दी है, अंकल जी."

"सील पर एजेंटों के दस्तख़त?"

"अंकल जी, आप एजेंट हैं," मॅडम हसून म्हणाल्या. दिवसभरात हे वाक्य त्यांना किती वेळा म्हणावं लागलं आणि ते म्हणताना हसू कसं कमी कमी होत गेलं, ते न सांगितलेलं बरं.

मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायला एजंटांनी घालायची खोटी मतं. मोठ्या पक्षाचे एजंट म्हणून बसलेले टिल्लू अजून जांभया देत होते, दुसऱ्या पक्षांचे एजंट चहाला गेले होते, त्यामुळे दादारावांनी मन लावून गाळणीचं बटण दाबलं. मोजणी झाली तेव्हा गाळणी भरघोस आघाडीवर होती. त्या पक्षाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय असावा. दादारावांनी तो आकडा क्षणभर डोळे भरून पाहिला आणि लगेच खडसावलं, "मॅडम, क्लियर दबाइए. एक भी वोट नहीं रहना चाहिए." ज्याला त्या मतांची सर्वांत जास्त गरज होती, त्यानेच ती पुसायला लावली. टिल्लूंनी मान हलवली.

मतदान सुरू झालं. अभयबाबू आले नाहीत. आणि दादारावांतला केंद्राध्यक्ष काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. छातीवर गाळणीचा बिल्ला लावून त्यांच्याच पक्षाचा एक उत्साही समर्थक आला, त्याला त्यांनी "केंद्रात प्रचारचिन्ह चालत नाही" म्हणून बाहेर काढायला लावलं. तो घरी गेला तो परत आलाच नाही. एका मतदाराचा फोटो जुळत नाही म्हणून हरकत घेतली. फोटो त्याचाच निघाला, फक्त मिशी नवी होती. जाता जाता तो म्हणाला, "देना तो छन्नी को ही था, अब नहीं दूँगा." एका आजोबांना हात धरून मशीनपर्यंत न्यायला त्यांचा शेजारी आला, तर दादारावांना आठवलं की याच माणसाने सकाळी दुसऱ्या आजींना मदत केली होती आणि नियमाने एका माणसाला एकाच मतदाराची मदत करता येते. तो शेजारी अभयबाबूंचा सख्खा मेहुणा होता.

"दादाराव," टिल्लू हळूच म्हणाले, "तुम्ही आमच्याच पक्षाचे आहात का हो?"

इकडे घरून निरोप येऊ लागले. फोन नसल्याने सेक्टरमधले मतदारच निरोप घेऊन येत होते. टिल्लूंच्या सुरेखावहिनी बोटाला शाई लावून घेताना म्हणाल्या, "भावजी, बेबीताई साडी नेसून तयार बसल्यात हं."

"वहिनी, केंद्रात संभाषण करू नये," दादाराव म्हणाले, आणि दाराकडे पाहू लागले. अभयबाबू नव्हते.

मग शेजारचे शुक्लाजी आले. "पाझारे साहब, भाभीजी बरामदे में बैठी हैं. चाय भी नहीं पी."

"शांति रखिए," दादाराव म्हणाले.

उठून जावं असं त्यांना पन्नासदा वाटलं. पण मतदान चालू असताना खुर्ची सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एकदा विंचू निघाला होता तेव्हाही त्यांनी पाय वर घेऊन काम चालू ठेवलं होतं. शिवाय ही नुसती खुर्ची नव्हती, पक्षाची या बूथवरची पहिली खुर्ची होती. ती रिकामी दिसली तर लोक काय म्हणतील? लोकांना ती भरलेली आहे हेच मुळात माहीत नव्हतं, पण ते दादारावांना कोण सांगणार.

दुपारी टिल्लूंची पुरी-सब्जी आली. त्यांनी न विचारता दोन पुऱ्या आणि थोडी बुंदी कागदावर काढून दादारावांकडे सरकवली. "खा. तत्त्व संध्याकाळी खा." दादारावांनी पुरी उचलली आणि परत कागदावर ठेवली. बेबी जेवली असेल का?

याचं उत्तर मुलीने आणलं. प्रिया मराठी समजायची, बोलायची हिंदी. रागात तर शुद्ध हिंदी. मत देऊन वळताना ती बापासमोर थांबली.

"पापा, मम्मी ने खाना नहीं खाया. कह रही हैं, वो आएँगे तो साथ में जाऊँगी. आपने प्रॉमिस किया था ना?"

"बेटा, इथं वैयक्तिक बोलणं…"

"ठीक है, एजेंट साहब," प्रिया म्हणाली आणि निघून गेली.

जातानाही पापा म्हणाली असती तर रागावता आलं असतं. 'एजेंट साहब' या दोन शब्दांनी दादाराव खुर्चीत एवढेसे झाले. समोर भिंतीवर शाळेचं घड्याळ होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या बाजूने चाललं होतं. ऊन खिडकीतून सरकत टिल्लूंच्या पायांपर्यंत आलं. रांग विरळ झाली. मतदान संपायला थोडाच वेळ उरला आणि दादारावांना स्वच्छ दिसलं की अभयबाबू येणार नाहीत आणि बेबी येणार नाही. आणि सहा वाजता दार बंद होईल, आणि आयुष्यात एकदाच मागितलेली ती गोष्ट त्यांनी नियमाप्रमाणे, शिस्तीत, खुर्चीवर बसून बुडवलेली असेल.

ते उठले. खुर्चीचा आवाज झाला आणि सगळ्यांनी वर पाहिलं.

"मॅडम, मैं जा रहा हूँ."

"अंकल जी, अब? अब तो बंद होने का टाइम है. सील पर आपके दस्तख़त…"

"टिल्लूजी का ले लीजिए. बहुत अच्छे आदमी हैं," दादाराव म्हणाले. त्यांनी एजंटाचा पास काढून खुर्चीवर ठेवला आणि या वयात जेवढं पळता येतं तेवढं पळाले.

ते पार्कच्या रस्त्याने गेले, कारण तो जवळचा. घराला कुलूप होतं. व्हरांड्यात रिकामी खुर्ची. शुक्लाजी गॅलरीतून ओरडले, "भाभीजी तो अभी निकलीं! मार्केट वाली सड़क से! बोलीं, अब अकेले ही दे आती हूँ, जैसे हर बार देती हूँ!"

हे 'जैसे हर बार' ऐकून दादारावांना भर रस्त्यात रडू आलं. पण रडत पळता येत नाही, दम लागतो. समोरून एक ई-रिक्षा आली, तीत ते बसले आणि "भैया, स्कूल!" म्हणाले. रिक्षावाल्याने सांगितलं की चार्ज कमी आहे, हळू जाईल. ती इतकी हळू गेली की दादाराव मध्येच उतरून तिच्या पुढे निघाले.

फाटकावरचा जवान दार ओढत होता. "बस! टाइम ख़त्म!"

"अभी नहीं हुआ," धापा टाकत दादाराव म्हणाले. "आपकी घड़ी आगे है." त्या जवानाने इतक्या अधिकाराने बोललेलं वाक्य दिवसभरात ऐकलं नव्हतं. त्याने यांना आत घेतलं आणि मग दार लावलं.

आत दोन रांगा उरल्या होत्या, एक बायकांची, एक पुरुषांची, शेजारी शेजारी. बायकांच्या रांगेत शेवटी निळ्या काठाची पांढरी साडी उभी होती. दादाराव पुरुषांच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. आता ते बरोबर तिच्या शेजारी होते. बेबीताईंनी मान वळवली नाही.

"आलो," दादाराव म्हणाले.

"बसाच नं तिथं. इकडं काहून आले?"

"खुर्ची सोडली."

आता मात्र बेबीताईंनी पाहिलं. घामाने शर्ट भिजलेला, चष्मा वाकडा. नवऱ्याने मतदान चालू असताना खुर्ची सोडली, हे वाक्य त्यांच्या संसारात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. त्यांनी दादारावांचा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत दिला. सहानंतर रांगेतल्यांना सहीच्या चिठ्ठ्या वाटायच्या असतात, आणि त्या शेवटच्या माणसापासून, म्हणजे मागून कुणी घुसू नये. चित्रा मॅडम बाहेर आल्या आणि नियमाप्रमाणे पहिल्या दोन चिठ्ठ्या या दोघांच्या हातात ठेवल्या. दादारावांनी तोंड उघडलं. "अंकल जी, बिलकुल नियम से दे रही हूँ," मॅडम म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

दोन्ही रांगा पुढे सरकत होत्या. एक पाऊल ती, एक पाऊल हे. शेवटी खोलीत मतदार म्हणून फक्त ती दोघंच उरली. बेबीताईंनी कार्ड पुढे केलं. त्यावर जुना, काळपट पडलेला फोटो होता. बारीक अंगाची, दोन वेण्यांची मुलगी. मतदान अधिकाऱ्याने फोटोकडे पाहिलं, समोर पाहिलं आणि अडखळला. "किसी एजेंट को कोई आपत्ति?"

दिवसभराची सवय फार वाईट असते. दादारावांच्या तोंडून निघून गेलं, "फोटो नहीं मिलता. चेहरा ठीक से देखिए."

टिल्लूंनी कपाळावर हात मारला. बेबीताई सावकाश वळल्या.

"तुम्हीच पाहा नं," त्या म्हणाल्या. "नीट पाहा."

दादारावांनी पाहिलं. तो फोटो काढायला बेबी एकटी गेली होती, तेव्हाही ते ड्यूटीवर होते. नंतर वेण्या गेल्या, केस पांढरे झाले, गुडघे दुखू लागले, परक्या गावात तिने दोन मुलं वाढवली, हिंदी शिकली, दर निवडणुकीला एकटी चालत गेली. हे सगळं त्यांना त्या दोन चेहऱ्यांच्या मधोमध दिसलं आणि लाज वाटली, आणि तेवढंच प्रेम वाटलं.

"आप इन्हें पहचानते हैं?" चित्रा मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"पहचानता हूँ," दादाराव म्हणाले. "फोटो पुराना है, मैडम. उसके बाद का सब मेरे सामने हुआ है."

"अर्धं तर तुमच्या मागं झालं," बेबीताई पुटपुटल्या, पण त्यांनी डोळ्यांना पदर लावला. टिल्लूंनी मोठ्या पक्षाच्या वतीने जाहीर केलं की त्यांना काहीही आपत्ती नाही.

आधी तिने बटण दाबलं, मग यांनी. बाहेर सेल्फी-पॉइंटचं फ्लेक्स केव्हाच काढून नेलं होतं, नुसती बांबूची चौकट उभी होती. दोघं त्या चौकटीत उभी राहिली आणि बोटं वर केली. सुरेखावहिनी टिल्लूंना घ्यायला आल्या होत्या, त्यांनी फोटो काढला. त्यात दादारावांचा चेहरा पूर्ण हललेला आहे आणि बेबीताई मात्र लग्नातल्यासारख्या ताठ उभ्या आहेत.

घरी जाताना दादारावांनी विचारलं, "गाळणीलाच दिलंस ना?"

"मतदान गुप्त असते," बेबीताई म्हणाल्या.

निकाल लागला. मुख्याध्यापकांचं डिपॉझिट गेलं. बूथनिहाय आकडे हातात आले तेव्हा अभयबाबूंनी रडवेल्या आवाजात फोन केला, "पाझारे साहब, आपके बूथ पर कुल दो वोट! बस दो!"

"दो!" दादाराव ओरडले. "पक्के दो?" आणि ते इतके हसले की अभयबाबूंना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला.

आचारसंहिता उठली होती. दादारावांनी स्वतः गादी उचलली, पोतं उघडलं आणि पहिली गाळणी दोन्ही हातांनी बायकोला दिली. मग सकाळभर मनात घोळत असलेलं वाक्य अभिमानाने म्हटलं, "दोनच मतं पडली. म्हणजे जोडीनंच पडली."

"दुसरं माझंच होतं कशावरून?" असं म्हणून बेबीताई आत गेल्या. दादाराव कितीतरी वेळ चेहरा पाडून बसले. मग चहा आला. त्यांनी शेवटचा घोट घेतला, कपात वाकून पाहिलं. एकही पत्ती नव्हती.

"गाळणी चांगली आहे, बाप्पा," बेबीताई आपल्या कपात बघत म्हणाल्या. "उगाच नाही दिलं मी."